अफू, कोका आणि बंडखोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अफू उपटली की तालिबान आपोआप संपेल.’ २००१ ते २०२१ या अफगाण युद्धाच्या वीस वर्षांत हे वाक्य इतक्या व्यासपीठांवरून बोललं गेलं की पुष्कळांना ते सिद्ध झालेलं वाटू लागलं. ते चुकीचं होतं, आणि त्या चुकीची किंमत सगळ्यात आधी शेतकऱ्यांनी मोजली. खाली त्याबद्दलचे नेहमीचे प्रश्न आहेत. उदाहरणं प्रामुख्याने अफगाणिस्तान, पेरू, कोलंबिया आणि म्यानमारची आहेत. जिथे खरा संबंध आहे तिथे आपल्याकडचीही आली आहेत.

बंडखोर आणि तस्कर एकच असतात का?

सहसा नाही. ‘नार्को-दहशतवाद’ हा शब्द दोघांना एका पोत्यात घालतो आणि तिथूनच धोरण चुकायला सुरुवात होते. तस्कराला नफा हवा असतो. बंडखोराला मुलूख हवा असतो, लोक हवे असतात आणि सत्ता हवी असते. दोघांची गरज जुळते तेव्हा ते एकत्र येतात आणि जुळत नाही तेव्हा भांडतात. पेरूच्या वायागा खोऱ्यात १९८०च्या दशकात ‘सेन्देरो लुमिनोसो’ म्हणजे ‘तेजस्वी वाट’ या माओवादी संघटनेनं तस्करांना कोकाच्या (ज्यापासून कोकेन बनतं त्या झुडपाच्या) पाल्याचा दर शेतकऱ्यांसाठी वाढवायला भाग पाडलं. जे ऐकत नव्हते त्यांना हुसकावलं. तस्करांना हे आवडलं असेल असं समजायचं कारण नाही.

कोलंबियाच्या फार्क या डाव्या बंडखोर संघटनेनं तर सुरुवातीला कोकाला विरोधच केला होता. क्रांतीच्या वाटेवर हे पीक म्हणजे घाण, अशी त्यांची भूमिका होती. पण त्यांच्या मुलखात येऊन वसलेले गरीब शेतकरी कोकावरच जगत होते. पीक बंद केलं असतं तर लोक गेले असते. १९८०च्या दशकात फार्कनं बंदी सोडून कर बसवला. त्या कराला ‘ग्रामाहे’ म्हणत. विचारसरणी बदलली ती पैशाच्या मोहानं आणि लोक सोडून जातील या भीतीनंही. दुसरं कारण नेहमी विसरलं जातं.

पैसा नक्की कुठल्या वाटेनं येतो?

बहुतेक वेळा कराच्या. शेतावर उत्पन्नाचा वाटा, खरेदीदाराकडून वसुली, प्रयोगशाळेला संरक्षण, पेरूत छोट्या विमानांच्या धावपट्टीचं भाडं, आणि रस्त्यावरचा नाका. अफगाणिस्तानात शेतावरच्या वसुलीला ‘उश्र’ म्हणतात. शब्दाचा अर्थ दहावा हिस्सा. प्रत्यक्षात वसुली ठिकठिकाणी वेगळी होती आणि बऱ्याचदा दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी.

तालिबानचा पैसा म्हणजे अफूचा पैसा, हे समीकरण ढोबळ आहे. त्यांच्या नाक्यावरून डिझेल जायचं, सिगारेट जायची, गाड्यांचे सुटे भाग जायचे, संगमरवर आणि तालकचा (ज्याची टाल्कम पावडर होते तो) दगड जायचा. इराणच्या सीमेवरच्या निमरोझ प्रांताचा बारकाईनं अभ्यास झाला तेव्हा दिसलं की तिथे कायदेशीर मालावरची वसुली अमली पदार्थांवरच्या वसुलीपेक्षा कितीतरी मोठी होती. ज्याच्या हातात रस्ता आहे तो त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर पैसे घेतो, मग पोत्यात काहीही असो.

आपल्याच इतिहासात याचं उत्तम उदाहरण आहे. १८२०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीनं शिंदे-होळकरांच्या मुलखातल्या माळव्याच्या अफूवर मक्तेदारी बसवायचा प्रयत्न केला. माल राजस्थानातून कराचीकडे आणि पोर्तुगीजांच्या दमणकडे वळला. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीनं हात टेकले आणि माल मुंबईमार्गे जाऊ देऊन त्यावर ‘पास’ची फी लावली. मक्तेदारीनं जे साधलं नाही ते नाक्यानं साधलं. मुंबईतल्या किती पेढ्या आणि किती दानधर्म त्या व्यापारावर उभे राहिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

म्हणजे प्रश्न शेवटी पैशाचाच?

नाही. या पानावरून एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पैशाइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, बंडखोरांना मिळतो तो लोकांचा आसरा. दूरच्या खोऱ्यात, जिथे सरकार म्हणजे वर्षातून एकदा येणारी जीप, तिथे एखादं बेकायदा पीक हजारो घरांची चूल पेटवतं. त्या पिकाचं रक्षण करणारा माणूस त्या घरांचा माणूस होतो. तो आपला विचार मानायला लावत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. तो म्हणतो, ‘तुझं शेत कुणी जाळणार नाही, तुला व्यापारी लुबाडणार नाही.’ बदल्यात गाव त्याला जेवण देतं, निरोप देतं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे गप्प राहतं. पोलीस आले तर कुणाला काही माहीत नसतं.

वायागा खोऱ्यात हे दोन्ही बाजूंनी तपासून झालं. १९८३ पासून पेरू सरकारनं अमेरिकेच्या मदतीनं कोकाची झाडं उपटायला सुरुवात केली. उपटणाऱ्या पथकांमागून सेन्देरो गावात शिरली आणि ‘आम्ही तुमचं पीक वाचवतो’ म्हणाली. माणसं मारायला मागेपुढे न पाहणारी ही संघटना होती. शेतकऱ्यांनी तिच्यावर प्रेम केलं म्हणून नव्हे, दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून तिला जागा मिळाली. १९८९ मध्ये जनरल आल्बेर्तो आर्सिनिएगा याच्याकडे तिथली लष्करी सूत्रं आली. त्यानं सरळ हिशेब मांडला: कोका लावणारा माझा शत्रू नाही, सेन्देरो माझा शत्रू आहे. पीक उपटणाऱ्यांना त्यानं बाजूला ठेवलं. काही महिन्यांतच गावकरी माहिती देऊ लागले आणि सेन्देरोला मागे हटावं लागलं. मात्र त्याच्या फौजेवर मानवी हक्कांच्या भंगाचे गंभीर आरोप झाले आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याच्यावर तस्करांना पाठीशी घातल्याचा ठपका ठेवला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याची बदली झाली. तो संत नव्हता. पण त्या खोऱ्यात एका वेळी दोन युद्धं लढता येत नाहीत, हे त्याला कळलं होतं.

आणि सेन्देरोचा कणा मोडला तो कुठे? कोकाच्या मळ्यात नव्हे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी लिमा शहरातल्या एका घरात पोलिसांच्या छोट्या गुप्तचर पथकानं महिनोन्‌महिने पाळत ठेवून सेन्देरोचा संस्थापक आबिमाएल गुस्मान याला पकडलं. त्या घरातून बाहेर पडणारा कचरासुद्धा ते तपासत होते. कुणाचा जीव घ्यावा लागला नाही.

पण शेतकरी असं पीक लावतोच कशाला? हावरटपणाच ना?

हा प्रश्न शहरातून येतो. ज्यानं टोमॅटोची क्रेट रस्त्यावर ओतलेली पाहिली आहेत त्याला उत्तर निम्मं माहीत असतं.

अफू थंडीच्या तोंडावर पेरतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बोंडांना चिरे देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. वाळलेला चीक नासत नाही. घराच्या कोपऱ्यात वर्षभर ठेवता येतो, म्हणजे तो एक प्रकारे बँकेतला पैसाच. रस्ता नसला तरी चालतं, कारण व्यापारी दारात येतो. पाणी इतर नगदी पिकांच्या मानानं कमी लागतं. आणि मुख्य म्हणजे उचल मिळते. ‘सलाम’ नावाच्या पद्धतीत व्यापारी पेरणीच्या वेळीच पुढच्या पिकाचे पैसे देतो, भाव पाडून. हिवाळ्यात घरात पीठ येतं ते त्या उचलीतून. दुसऱ्या कुठल्या पिकावर दक्षिण अफगाणिस्तानातल्या हेलमंद प्रांताच्या शेतकऱ्याला कर्ज देणारं कुणी नव्हतं.

भूमिहीनांचा मुद्दा तर जवळजवळ कुणी बोलत नाही. अफूला भरपूर हात लागतात. म्हणून जमीनमालक कुळाला जमीन वाट्यानं देतो, राहायला जागा देतो. तिथे गहू आला की दहा माणसांचं काम दोघांत होतं आणि कुळ बेघर होतं.

पीक नष्ट केलं तर बंडखोरांचा पैसा आटेल, इतकं तरी खरं ना?

कागदावर. प्रत्यक्षात आधी शेतकऱ्याचा पैसा आटतो. बंडखोर दुसरीकडे वळतो आणि तस्कराकडे तर साठा असतो, पीक कमी झालं की त्याच्या साठ्याचा भाव चढतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कोलंबियानं हे आकाशातून करून पाहिलं. १९९४ पासून २०१५ पर्यंत विमानांतून कोकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं गेलं. २००० साली सुरू झालेल्या ‘प्लॅन कोलंबिया’खाली अमेरिकेनं पुढच्या दीड दशकात सुमारे १० अब्ज डॉलर ओतले. फवारा कोकावर पडायचा तसा केळी, मका आणि कसावावरही पडायचा. ज्याचं घरचं खायचं पीक सरकारच्या विमानानं जाळलं त्यानं त्या सरकारला खबर द्यावी, अशी अपेक्षा कशी करायची? १९९६ मध्येच पुतुमायो, काकेता आणि ग्वाविआरे भागांत लाखाच्या घरात कोका उत्पादक रस्त्यावर उतरले होते आणि फार्कनं त्या आंदोलनाला आनंदानं खांदा दिला. विषारी फवारा सीमेपलीकडे जातो म्हणून इक्वाडोरनं २००८ मध्ये कोलंबियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. २०१३ मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं ग्लायफोसेट बहुधा कर्करोगकारक असल्याचं जाहीर केल्यावर फवारणी थांबली.

फार्क दुबळी झाली हे खरं. पण ती झाली हेलिकॉप्टर, सुधारलेलं सैन्य आणि अचूक माहिती यांमुळे. २०००च्या आसपास तिच्याकडे १७ ते २० हजार लढवय्ये होते आणि २०१७ मध्ये शस्त्रं खाली ठेवणारे सुमारे ७ हजार. कोकाचं क्षेत्र या काळात कधी घटलं, कधी वाढलं, कधी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. फुगा एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं फुगतो तसं.

अफगाणिस्तानात कुणाचं पीक उपटायचं हे गव्हर्नर ठरवायचे. ज्याची काबूलमध्ये ओळख त्याचं शेत वाचायचं. विरोधी टोळीचं, गरिबाचं, लाच न देऊ शकणाऱ्याचं उपटलं जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. हेलमंदचा गव्हर्नर शेर मोहम्मद आखुंदझादा याच्या कार्यालयात २००५ मध्ये सुमारे ९ टन अफू सापडली. ब्रिटिशांच्या आग्रहामुळे त्याला हटवलं. पुढे त्यानंच सांगितलं की पगार द्यायला पैसे उरले नाहीत तेव्हा त्याची माणसं तालिबानकडे गेली. भ्रष्ट माणसाला हटवणं चूक होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी गावाला सांभाळेल असं काही उभं करायला हवं होतं, ते केलं नाही.

२००२ मध्ये ब्रिटिशांनी शेतकऱ्यांना पैसे देऊन पीक उपटायची योजना आणली. काहींना पैसे मिळालेच नाहीत, मधल्यांनी खाल्ले. काहींनी भरपाईच्या आशेनं पुढच्या वर्षी जास्त लावलं. २००९ मध्ये अमेरिकेचे विशेष दूत रिचर्ड होलब्रूक यांनी जाहीरपणे मान्य केलं की पीक उपटण्याचा कार्यक्रम पैशाची नासाडी आहे आणि तो शेतकऱ्यांना तालिबानकडे ढकलतो. अमेरिकेनं तो सोडला. इतक्या उशिरा का होईना, पण कुणीतरी म्हटलं.

हिरॉइनच्या प्रयोगशाळांवर बॉम्ब टाकले होते ना? त्याचं काय झालं?

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू केले, जगातल्या सर्वांत महागड्या लढाऊ विमानांपैकी एफ-२२ वापरून. त्या ‘प्रयोगशाळा’ म्हणजे मातीच्या भिंतींच्या खोल्या, काही पिंपं, एक दाबयंत्र आणि चूल. काही दिवसांत पुन्हा उभ्या राहायच्या. वर्षभरात मोहीम गुंडाळली. २००२ ते २०१७ मध्ये अमेरिकेनं अफगाणिस्तानातल्या अमली पदार्थविरोधी कामासाठी साडेआठ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली. २०१७ मध्ये तिथे ३ लाख २८ हजार हेक्टरवर अफू होती, तोवरचा सर्वोच्च आकडा.

मग तालिबाननं सत्तेवर येऊन बंदी यशस्वी कशी केली?

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला आखुंदझादा यांनी फर्मान काढलं. उभं पीक काढून घेऊ दिलं आणि पुढच्या पेरणीपासून कडक अंमल केला. २०२२ मध्ये २ लाख ३३ हजार हेक्टर होतं ते २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आलं. आधुनिक काळात इतकी मोठी घट क्वचितच कुठे झाली असेल.

हे त्यांना जमलं कारण ते आता बंडखोर नव्हते, सरकार होते. त्यांच्याविरुद्ध शेतकऱ्याला आसरा देणारं दुसरं सैन्य नव्हतं. गावोगाव त्यांची माणसं होती आणि त्यांचा धाक होता. लोकांनी आधीच्या वीस वर्षांत सरकारला जसं वाकवलं तसं यांना वाकवता आलं नाही.

पण ‘यशस्वी’ या शब्दावर थांबायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार अफू विकून शेतकऱ्यांना मिळणारी रक्कम १३६ कोटी डॉलरवरून एका वर्षात ११ कोटींवर आली. मोठे जमीनदार आणि व्यापारी साठ्यावर बसले होते. भाव काही पटींनी चढला, त्यांचं भलं झालं. कुळं आणि मजूर इराणकडे निघाले. मे २०२४ मध्ये बदख्शानच्या डोंगरांत पीक नष्ट करायला आलेल्या तालिबान्यांविरुद्ध लोक उठले आणि त्यात माणसं मेली. बदख्शानमध्ये ताजिक वस्ती जास्त आणि पथकं बहुतेक दक्षिणेकडची पश्तून. म्हणजे जो प्रकार काबूल सरकारनं तालिबानसाठी करून ठेवला होता तोच आता तालिबान दुसऱ्या कुणासाठी करून ठेवतंय की काय, अशी शंका येते.

ही त्यांची पहिली बंदीही नव्हे. जुलै २००० मध्ये तालिबानचे तेव्हाचे प्रमुख मुल्ला उमर यांनी अशीच बंदी घातली होती. ८२ हजार हेक्टरवरून आकडा ८ हजारांच्या आत आला. शेतकऱ्यांच्या डोक्यावर सलामचं कर्ज तसंच राहिलं. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेचे हल्ले सुरू झाले तेव्हा तालिबानसाठी लढायला अनेक गावं पुढे आली नाहीत. एकमेव कारण ते नव्हतं, पण अभ्यासक त्याला एक कारण मानतात.

पर्यायी पिकं दिली तर?

दिली गेली. हेलमंदमध्ये २००८ पासून कालव्याखालच्या भागात गव्हाचं बियाणं, खतं आणि बंदी असा एकत्र कार्यक्रम चालला. कालव्याखाली अफू खरंच घटली. ज्यांना जमीन आणि बाजार दोन्ही होतं त्यांचं बरं चाललं. पण गव्हाला कुळं लागत नाहीत. ती माणसं बोघ्रा कालव्याच्या उत्तरेला वाळवंटात गेली, बोअर मारले, पुढे सौर पंप बसवले आणि अफू लावली. सरकारच्या हाताबाहेर, तालिबानच्या छायेत. म्हणजे कार्यक्रमाचा आकडा चांगला आला आणि तालिबानला हजारो नवे कृतज्ञ लोक मिळाले.

बियाण्याचं पोतं हा पर्याय नव्हे. रस्ता, कर्ज, पाणी, खरेदीदार, जमिनीचा कागद आणि लाच न घेणारा पोलीस, हे सगळं मिळून पर्याय होतो. थायलंडनं तो केला आणि घाई केली नाही. १९६९ मध्ये उत्तरेच्या डोंगरांत राजघराण्याचा प्रकल्प सुरू झाला, कॉफी, फळं आणि भाज्या आल्या, रस्ते झाले. १९८० मध्ये कम्युनिस्ट बंडखोरांसाठी माफीचं धोरण आलं आणि काही वर्षांत ती चळवळ विरली. सक्तीनं पीक काढणं सुरू झालं ते १९८४च्या सुमारास, म्हणजे प्रकल्पानंतर पंधरा वर्षांनी. आधी बंडखोरी मिटली, आधी बाजार आला, मग सक्ती. हा क्रम कुणी उलटा करून यश मिळवल्याचं मला तरी माहीत नाही.

शांतता करार झाला की धंदा थांबतो का?

कोलंबियात नाही थांबला. फार्कशी झालेल्या २०१६च्या करारात कोकाचा स्वतंत्र भाग होता. सुमारे ९९ हजार कुटुंबांनी स्वतःहून झाडं उपटायचं मान्य केलं आणि बहुतेकांनी शब्द पाळला. सरकारची मदत उशिरा आली, अर्धवट आली, प्रकल्प रखडले. फार्क निघून गेलेल्या खोऱ्यांत सरकारच्या आधी ईएलएन ही दुसरी डावी बंडखोर संघटना, फार्कचे फुटीर गट आणि सशस्त्र टोळ्या पोहोचल्या. गावात कोका सोडायचं आवाहन करणारे कार्यकर्ते मारले गेले. २०१३ मध्ये ४८ हजार हेक्टर असलेला कोका २०२३ मध्ये २ लाख ५३ हजारांवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये व्हेनेझुएला सीमेवरच्या कातातुंबो भागात ईएलएन आणि फार्कचे फुटीर एकमेकांवर तुटून पडले आणि ५० हजारांहून जास्त माणसं घरं सोडून पळाली. शब्द पाळणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय दिलं, हा प्रश्न बोगोटातल्या प्रत्येक सरकारला विचारायला हवा.

म्यानमारचं काय? ते तर आपलं शेजारी.

तिथे युद्धबंदीच अफूवर उभी राहिली. १९८९ मध्ये बर्मी कम्युनिस्ट पक्ष फुटला, चीन सीमेवरच्या ‘वा’ आणि ‘कोकांग’ या प्रदेशांतल्या सशस्त्र संघटनांनी लष्कराशी समझोता केला आणि त्याबदल्यात आपापल्या मुलखात जे चालेल ते चालू दिलं गेलं. पुढे चीनच्या दबावामुळे कोकांगनं २००३ मध्ये आणि वा प्रदेशानं २००५ मध्ये अफूवर बंदी घातली. डोंगरातली माणसं उपाशी पडली. धंदा मात्र थांबला नाही, मेथॲम्फेटामिन (मेथ) या रासायनिक नशेच्या गोळ्यांकडे वळला. २०२१च्या लष्करी उठावानंतर अर्थव्यवस्था कोसळली तशी अफू परत वाढली. अफगाणी बंदीमुळे २०२३ मध्ये सुमारे १,०८० टनांसह म्यानमार जगात पहिला आला.

त्याची झळ मणिपूरला बसते. तिथे २०१८ पासून राज्य सरकारनं ‘वॉर ऑन ड्रग्ज’ मोहीम चालवली आणि डोंगरातली अफूची शेतं तोडली. मे २०२३ मध्ये हिंसाचार पेटला त्याची कारणं पुष्कळ आहेत. पण अख्ख्या जमातीलाच ‘अफूवाले’ ठरवणारी भाषा त्या आगीत तेल ओतत राहिली. शेती डोंगरात होते. भांडवल, वाहतूक आणि संरक्षण यांना मात्र एकच जात किंवा जमात नसते.

गडचिरोलीतले नक्षलवादी अफूवर चालत होते का?

नाही. झारखंडमध्ये खुंटी, चतरा अशा भागांत बेकायदा अफू होते आणि तिथल्या गटांनी त्यावर वसुली केल्याच्या बातम्या आहेत. गडचिरोलीत पैसा आला तेंदूपत्ता, बांबू, रस्त्यांची कामं आणि खाणी यांतून, म्हणजे संपूर्ण कायदेशीर मालातून.

तरी कथा वायागाचीच आहे. १९८०च्या दशकात नक्षलवादी गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी कंत्राटदारांना धमकावून तेंदूपत्त्याच्या पुडक्यांचा दर वाढवून घेतला. उन्हात पानं खुडणाऱ्या बाईला तो फरक हातात दिसला. मग त्याच कंत्राटदाराकडून खंडणी सुरू झाली. उत्तर पान जाळणं नव्हतं. उत्तर मिळालं ते वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या) कायद्यातून, गावानं स्वतः लिलाव करण्यातून. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. कंत्राटदार काही ठिकाणी अजून फसवतात, खंडणीही लगेच थांबली नाही. पण दर मिळवून देणारा माणूस बंदूकवालाच असतो, ही गोष्ट तिथे खोटी ठरली.

भारतात नीमचला परवान्याची अफू होते. अफगाणिस्तानात तसं का केलं नाही?

सुचवलं गेलं होतं, २००५च्या सुमारास. आकर्षक कल्पना आहे. आपल्याकडे मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात सरकार परवाना देतं, शेत मोजतं, गावच्या मुखियामार्फत चीक तोलून घेतं आणि कमी भरला तर परवाना जातो. हे चालतं कारण दारात यंत्रणा आहे. तरीही थोडी अफू चोरवाटेनं जातेच, कारण सरकारच्या दरापेक्षा बाहेरचा दर कितीतरी जास्त. हेलमंदमध्ये सरकार गावात रात्री थांबू शकत नव्हतं, तिथे चीक कोण तोलणार होतं? तुर्कस्ताननं मात्र १९७१च्या बंदीनंतर १९७४ मध्ये परवाना पद्धत आणली आणि चीक न काढता सुकी बोंडं घ्यायला सुरुवात केली. चोरी जवळपास थांबली. तिथे सरकार होतं.

न्हावा शेवा आणि कुरकुंभला पकडलेला माल याचाच भाग आहे का?

पहिला हो, दुसरा नाही. जुलै २०२१ मध्ये न्हावा शेवाला तालकच्या मालात सुमारे ३०० किलो हिरॉइन सापडलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला सुमारे ३,००० किलो. मुंद्र्याचा माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता. ज्या तालकच्या ट्रकवर नाक्यावर वसुली होते, त्याच तालकखाली हिरॉइन दडवलं जातं.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं ते मेफेड्रोन, म्हणजे एमडी. त्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही, हजारो मजूर लागत नाहीत. एक रसायनतज्ज्ञ आणि एक शेड पुरते. म्हणून त्यातून टोळ्या होतात, बंडखोरी होत नाही. मागे उभं राहायला गावच नसतं. अशा ठिकाणी कारखाना बंद करणं आणि रसायनांवर नजर ठेवणं हेच योग्य धोरण आहे. कोकाच्या खोऱ्यात जे करू नये ते इथे बिनदिक्कत करावं.

बातमीत ‘इतक्या हजार कोटींचा माल’ येतो तो पैसा बंडखोरांचा असतो का?

तो आकडा सहसा शेवटच्या ग्राहकाला पडणाऱ्या किमतीवरून काढलेला असतो. शेतापासून त्या ग्राहकापर्यंत किंमत अनेक पटींनी वाढते आणि सगळ्यात मोठी वाढ सीमा ओलांडल्यानंतर होते, परदेशातल्या घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांच्या हातात. शेतकऱ्याचा वाटा त्यात अगदी किरकोळ, बंडखोराचा त्याच्या आसपास. अशी बातमी आली की पहिल्यांदा किलो वाचा, कोटी नंतर. आणि पकडलेला माणूस ट्रकचालक होता की मालक, हेही बघा.